रेघेपुरतं थांबणं

कान तपासायच्या बंद खोलीत एक आजोबा डोक्यावर मोठे हेडफोन लावून बसले होते आणि काचेच्या अलीकडे ती बटणं फिरवत होती, तेवढ्यात टेबलावरचा फोन उजळला. तपासणी चालू असताना फोनकडे बघायचं नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. पण डोळे मेले कुठे ऐकतात. ‘तुमचं गाणं काढून टाकण्यात आलं आहे. हक्कधारकाची परवानगी आढळली नाही.’ एवढंच. ना कुणाचं नाव, ना सही, ना ‘कळावे’. तिने पुन्हा एकदा वाचलं, जणू दुसऱ्या खेपेला मजकूर बदलणार होता. तिकडे आजोबांनी हातातलं बटण दाबलं. आवाज आला की दाबायचं, असं त्यांना सांगितलेलं. तिने आवाज सोडलाच नव्हता. लोक असं करतात. शांततेत फार वेळ बसवून ठेवलं की त्यांना काहीबाही ऐकू यायला लागतं, आणि नाही आलं तरी आलं असेल म्हणून ते दाबतात. आपला कान गेला असं कुणालाच ऐकायचं नसतं. आजोबांनी पुन्हा दाबलं आणि काचेतून तिच्याकडे बघून हसले, बरोबर ना, अशा अर्थाने. तिने मान डोलावली. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने पेशंटला अशी खोटी मान कधी डोलावली नव्हती.

गाणं म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. एका जुन्या सिनेमातलं, एका पिढीला अर्धंमुर्धं येणारं आणि पुढच्या पिढीला मुळीच न येणारं. ‘सावल्या उतरणीला लागल्या, आता घरी चल.’ बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी दुपारी, दवाखाना बंद झाल्यावर, तिने ते याच खोलीत म्हटलं होतं, कारण रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा जिथे पोचत नाही अशी दुसरी जागा तिच्या माहितीत नव्हती. फोन स्टुलावर उभा केला, पदराने नाक पुसलं आणि म्हटलं. मग आपल्या पानावर टाकलं, खाली लिहिलं, ‘बाबा म्हणायचे तसं’; आणि एकदा टाकलं की ते तिथे राहतंच अशा भोळ्या समजुतीने फोनमधलं पुसून टाकलं, कारण फोन सारखा जागा नाही जागा नाही म्हणून कटकट करत होता. चार नातेवाइकांनी ऐकलं. धाकटीने ऐकलं, परदेशात, बसमध्ये, आणि तिथूनच फोन केला. बराच वेळ ती नुसती नाक ओढत होती. “ताई, मला बाबांचा आवाज आठवेनासा झालाय गं,” ती म्हणाली होती. “चेहरा आठवतो, हात आठवतात. आवाज नाही. पण तू मध्ये थांबलीस ना, तिथे ते एकदम आले.” आणि बाबांचा आवाज खरोखरच कुठे शिल्लक नव्हता. टेपरेकॉर्डर दिसला की हा माणूस उठून परसात जायचा; लग्नांच्या चित्रफितींत तो कायम पाठमोरा, खुर्च्या हलवताना. आवाज गेला तो गेलाच. उरले होते ते फक्त थांबे.

थांब्यांचं असं होतं. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, ‘येथे वाहने उभी करू नयेत’च्या. मागच्या खोलीत पाटी भिंतीला टेकवलेली, खाली जुनी चादर, आणि टर्पेंटाइनचा वास असा मुरलेला की दोघी बहिणींच्या वह्यासुद्धा वर्गात ओळखू यायच्या. डाव्या हातात काठी, काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. तो पाटीवर टेकवायचा, काठीवर उजवं मनगट ठेवायचं आणि ब्रश चालवायचा. अक्षरं भरताना बाबा गायचे. अक्षरं भरायला काय अक्कल लागते, असं त्यांचं म्हणणं, त्यात तोंड मोकळंच असतं. पण कडेची लांब रेघ आली की गाणं जिथे असेल तिथे बंद. श्वाससुद्धा बंद. श्वास घेतला की छाती हलते, छाती हलली की खांदा हलतो, आणि खांद्यापाशी एवढीशी असलेली हालचाल ब्रशच्या टोकाशी पोचेपर्यंत चांगली डोळ्यांत भरण्याइतकी झालेली असते. रेघ टोकाला गेली की ब्रश उचलायचा, श्वास सोडायचा, आणि गाणं जिथे तुटलं तिथून पुढे चालू. ‘सावल्या उतर’, मग शांतता, मग ‘णीला लागल्या’. शब्दाच्या पोटात थांबायचे. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आता पाट्या निरनिराळ्या, तर थांबेही निरनिराळ्या जागी पडायला हवेत. एरवी पडतही असतील. पण एका वर्षी दूध डेअरीचं मोठं काम आलं. शहरातल्या एकूण एक दूधकेंद्रावर तीच पाटी, तोच निळा रंग, तीच अक्षरं, त्याच रेघा. घरभर पाट्याच पाट्या. आई म्हणायची, आता चुलीवरही एक लावा. महिनेच्या महिने एकच पाटी करता करता बाबांचं गाणंही त्या पाटीच्या मापाचं झालं. वरची रेघ ‘उतर’पाशी, डावी कड ‘आता’च्या आधी, आणि खालची रेघ कडव्याच्या ऐन मध्यावर. दोघी बहिणी उंबऱ्यावर अभ्यासाचं निमित्त करून बसलेल्या असत. बाबांचा ब्रश रेघेवर टेकला की या दोघीही श्वास धरायच्या, गाल फुगवून, एकमेकींकडे बघत. धाकटीचा चेहरा लालबुंद व्हायचा, पण हरायची नाही. मग बाबा सुटायचे, या सुटायच्या, आणि तिघं मिळून पुढचा शब्द पकडायची. गाणं असंच असतं, त्यात मध्ये मध्ये श्वास धरायचा असतो, असा त्या दोघींचा पक्का समज होता. पुढे एका मैत्रिणीच्या घरी रेडिओवर तेच गाणं लागलं तेव्हा तिने ठणकावून सांगितलं होतं, ही बाई चुकीचं म्हणतेय.

शाळेच्या कार्यक्रमात तिने ते म्हटलं त्याची आठवण आली की अजून तिचे कान तापतात. पहिल्या थांब्याला पडद्याआडून बाई कुजबुजल्या, “णीला, णीला लागल्या.” तिला वाटलं, बाईंना काय झालं मध्येच बोलायला. दुसऱ्या थांब्याला पुढच्या रांगेतल्या कुणीतरी धीर द्यावा म्हणून टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याला सगळा वर्ग मोठ्याने पुढची ओळ सांगू लागला, आणि ती आपली गाल फुगवून उभी, रेघ संपायची वाट बघत. घरी येऊन ती बाबांवर चिडली. तुम्ही चुकीचं शिकवलंत. बाबा ब्रश धूत होते. त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते हसता हसता खाली बसले, आणि मग हसायचं थांबून म्हणाले, “अगं, मी कुठे शिकवलं? मी पाटी रंगवत होतो.” त्यांचा चेहरा तेव्हा ओशाळला होता. एवढ्या तेवढ्यावरून ओशाळणारा माणूस होता तो, आणि तिला आत्ता, काचेसमोर, आजोबांचा तक्ता भरताना, त्या चेहऱ्याने भडभडून आलं.

नवऱ्याने संध्याकाळी सूचना वाचली, चष्मा वर केला. “तुरुंगात टाकतील का गं? म्हणजे मला जेवणाची सोय बघायला.” मग तिचा चेहरा पाहून सुधारला. “माफी मागून टाक आणि विषय मिटव.”

“माफी कसली? मी काय चोरी केलीय?”

“चोरी नाही, पण गाणं दुसऱ्याचं आहे ना. विचारायला हवं होतं.”

 त्या गाण्याला बाबांखेरीज दुसरा मालक असेल, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

गाण्यांच्या हक्कांचं ऑफिस एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर निघालं. गाण्यांचं ऑफिस म्हणजे काहीतरी कानाला लागेल अशी तिची कल्पना. तिथे पंख्याची घरघर सोडली तर सगळं चिडीचूप. परवानगी देणारा माणूस तिशीतला, बोलायला गोड, एका डोळ्याने संगणकाकडे बघत बोलणारा. त्याने नीट समजावून सांगितलं. जुनी रेकॉर्ड कंपनीची, तिला तुम्ही हात लावलेला नाही, म्हणून तो प्रश्नच नाही. उरले शब्द आणि चाल. शब्दांचं आमच्याकडे आहे. चालीचंही आहे, पण जसंच्या तसं गाणार असाल तरच. “जसंच्या तसं असेल तर आत्ता देतो, मॅडम. रोज दहा जणांना देतो.”

“जसंच्या तसंच आहे.”

“मग काढलं कशाला, बघू.” त्याच्याकडे तक्रारीबरोबर आलेलं तिचं गाणं होतं. त्याने हेडफोन लावले. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. माणूस ऐकतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते बघण्यात तिचा जन्म गेला होता. तो छान ऐकत होता. मग त्याने भुवया उचलल्या, माऊस हलवला, मागे जाऊन पुन्हा लावलं. “मॅडम, इथे अडकतंय तुमचं. रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी गडबड आहे.”

“अडकत नाही. तिथे बाबा रेघ मारतात.”

त्याने हेडफोन काढले. तिने सांगितलं, सांगता सांगता आपण फार सांगतोय हे तिला कळत होतं, दूधकेंद्रांपर्यंत कशाला जायला हवं होतं. पण तो माणूस भला. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, “हा बदल झाला, मॅडम. माझ्या हातात नाही. याला खुद्द संगीतकारांचीच परवानगी लागते. त्यांनी तसं लिहून ठेवलंय.” आणि मग, आवाज खाली आणून, “आहेत अजून. याच शहरात राहतात. फोन करून जा, सून उचलते.”

सून होतीच. तिने दार उघडलं आणि दारातच सांगितलं, “डावीकडून बोला. उजवा गेलाय.” हे तिला सांगायची गरज नव्हती. ती खुर्ची ओढून डावीकडे बसली, तोंडावर उजेड पडेल अशी, आणि आवाज चढवण्याऐवजी खाली आणून सावकाश बोलू लागली. संगीतकार म्हणजे हाडांचा सापळा, पण अंगात इस्त्रीचा सदरा आणि दाढी गुळगुळीत. खोलीत एकही वाद्य नव्हतं. खिडकीत दोन रोपं, टेबलावर औषधं, भिंतीवर नातवंडांचे फोटो. कुठल्याही घरातले कुणीही आजोबा असावेत तसे. त्यांनी तिचं नाव विचारलं नाही. परवानगीवाल्याने पाठवलेलं गाणं सुनेने फोनवर लावून दिलं आणि त्यांनी फोन डाव्या कानाशी धरला. दुसऱ्या हाताचं बोट गुडघ्यावर ताल धरून होतं. पहिल्या थांब्याला ते बोट हवेतच राहिलं. गाणं पुढे गेलं तरी ते खाली आलं नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

“इथे काय झालं?”

तिने सांगितलं. या वेळी आटोपशीर: पाट्या, रेघ, श्वास.

 ते बोलले तेव्हा आवाज अजून भरदार होता, अंगाला न शोभणारा. “ही ओळ केली तेव्हा गाणारी माझ्याशी भांडली. म्हणाली, श्वास घ्यायला कुठे जागाच ठेवली नाहीस, जीव जाईल माझा. मी म्हटलं, गेला तर जाऊ दे, ओळ तोडायची नाही. सावल्या उतरतात त्या काय मध्ये थांबून उतरतात? सगळी दुपार रडून, चिडून, शेवटी म्हटली तिने. एका दमात.” त्यांनी फोन मांडीवर ठेवला. “बाकीची गाणी मी पोटासाठी केली, बाई. त्या एका ओळीसाठी हे केलं.”

“माझ्या वडलांचं दुसरं काही मागे राहिलेलं नाही,” ती म्हणाली. हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. “त्यांचा आवाज नाही आमच्याकडे. एवढंच आहे. थांबायचे कुठे, तेवढं.”

“तुमचे वडील रेघ ओढताना मध्येच ब्रश उचलायचे?”

“नाही. कधीच नाही.”

“का?”

“जोड दिसतो.”

“मग माझ्या रेघेला जोड कशाला देताय?”

 तिला राग आला, या म्हाताऱ्याचा, त्याच्या गुळगुळीत दाढीचा, आणि सगळ्यांत जास्त या गोष्टीचा, की बाबा इथे असते तर त्यांनी काठी काखेत धरून मान डोलावली असती, बरोबर बोलतोय माणूस म्हणून. संगीतकार म्हणाले, “अखंड म्हणा, मी आत्ता सही करतो. वडलांचं नाव घाला, त्यांच्याबद्दल काय लिहायचं ते लिहा. पण हे असं जगासमोर जाणार नाही. घरात म्हणा, मोरीत म्हणा, मी कुठे ऐकायला येतोय.” सुनेने पाणी आणून ठेवलं. ती प्यायली. काहीच नसण्यापेक्षा बाबांच्या नावाने गाणं तरी राहील, असा हिशोब तिने त्या घोटाबरोबर केला, आणि हो म्हणाली. खरं सांगायचं तर आणखी एक होतं. ती ओळ एका दमात कशी लागते, हे बघायची तिला खाज सुटली होती.

सुरुवातीला जमेना. ‘उतर’पाशी गळा आपोआप मिटायचा, उचकी लागावी तसा. तिने भांडी घासताना म्हणून पाहिलं, जिना चढताना म्हणून पाहिलं. नवरा म्हणायचा, अगं आता तरी घरी चल, किती वेळ सावल्या उतरवतेस. कामावर दोन पेशंटच्या मधल्या वेळात ती बंद खोलीत जाऊन बसायची. त्या खोलीत स्वतःच्या रक्ताची सळसळ ऐकू येते, नवख्या माणसाला ते सहन होत नाही, तिला सवय होती. पण आता तिथे बसलं की मागच्या खोलीतला उजेड यायचा, निळ्या रंगाचा उघडा डबा, चादरीवरचे ठिपके, बाबांच्या मानेवरची शीर. रेघ ओढताना ती शीर तटतटून उभी राहायची. तिने ती किती वर्षांत आठवली नव्हती. आणि एक दिवस ओळ गेली. ‘सावल्या’पासून ‘चल’पर्यंत, न अडखळता, शेवटाकडे फासळ्या आतून आवळत, डोळ्यांपुढे काजवे, आणि सूर मात्र जिथल्या तिथे. ती स्टुलावर मटकन बसली आणि हसायला लागली. म्हणजे बाबांच्या छातीत हे होत होतं तर. ती उंबऱ्यावर बसून इतकी वर्षं ज्याची बाहेरून नक्कल करत होती ते आतून हे असं होतं. तिला फार, फार आनंद झाला. बाबा इतके जवळ ते गेल्यापासून एकदाही आले नव्हते. मग ती रोजच तसं म्हणू लागली, गरज नसताना, नुसत्या त्या आवळणाऱ्या फासळ्यांसाठी.

रेकॉर्डिंग झालं. सही झाली. परवानगीवाल्याने स्वतः फोन करून सांगितलं, मॅडम, टाका बिनधास्त, आता कुणाच्या बापाची हिंमत नाही; मग जीभ चावून म्हणाला, सॉरी. तिने टाकलं, खाली बाबांबद्दल चार ओळी लिहिल्या, पाट्यांबद्दल, काठीबद्दल. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी ऐकलं. अनोळखी माणसांनी लिहिलं, काय दम आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी राउंड थांबवून ऐकलं. कुणीच विचारलं नाही की हे बाबा कुठे आहेत यात.

रविवारी सकाळी धाकटीचा फोन आला. “छान झालंय ताई,” ती म्हणाली. “खरंच. माझ्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं.” मग थोडी घुटमळली. “पहिलं नाहीच ना राहिलं कुठे?”

“नाही गं. सांगितलं ना, पुसलं मी. सही झाली तेव्हा ऑफिसातलं आणि त्या सुनेच्या फोनमधलंही पुसायला लावलं त्यांनी.”

“मग आत्ता म्हण. मला एकटीला. फोनवर कोण येतंय परवानगी विचारायला.”

तेवढंच होय, असं म्हणून ती हसली. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली, नवऱ्याला हाताने गप्प केलं आणि सुरू केलं. पलीकडून धाकटीही हळूच मिसळली, भसाड्या, लाजऱ्या आवाजात. गाणं येत नाही म्हणून ती कुणासमोर कधी गात नसे. ‘सावल्या उतर’पर्यंत दोघी बरोबर होत्या. तिथे धाकटी थांबली. गाल फुगवून थांबली असणार, ते फोनमध्येही कळलं. हिचा आवाज मात्र पुढे निघून गेला, सरळ, सफाईदार, एकटाच, पार ओळीच्या टोकापर्यंत.

“ताई, तू थांबली नाहीस.”

“हो गं. चुकलं. पुन्हा म्हणू.”

पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिने मनाशी बजावून ठेवलं, आता इथे, आता, आणि थांबली. पण ते थांबणं म्हणजे नुसतं तोंड मिटणं होतं. मागच्या खोलीतलं कुणी त्यात नव्हतं. किती वेळ थांबायचं तेही तिला ठरवावं लागलं, आणि तिने ठरवलेलं चुकलं, धाकटीच्या आधीच सुटली. ओट्यावरच्या भांड्यात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, वेडावाकडा.  आपण काय दिलं आणि कशाच्या बदल्यात दिलं, हे तिला आत्ता कळत होतं.

“तू म्हण,” ती अखेर म्हणाली.

“मी? वेडी का तू. मला कुठे येतं.”

“येत नाही तरी म्हण.”

धाकटीने घसा खाकरला. सूर धरला तो बेसूरच, लहानपणापासून होता तसा. आणि ही तोंड मिटून, फोन कानाशी घट्ट दाबून, ती कुठे कुठे थांबते ते ऐकत उभी राहिली.